वाचकांचे प्रश्न : निजामकाळची जमीन, आजचे वारस

जमिनीच्या वारसाविषयी इतकी पत्रं आली की यंदाचं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमचे पणजोबा परमुलखातून गंगाखेड तालुक्यात आले आणि निजामाच्या अमलात पडीक रान वहितीला आणून इथेच वसले. जमीन २४ एकर. ते १९४९ साली वारले. त्यांना तीन मुलगे. पण १९५४-५५ च्या खासऱ्यात, म्हणजे जमीन पाहणीच्या नोंदवहीत, फक्त थोरल्या आजोबांचं नाव आहे. त्यांचे नातू आता म्हणतात की सगळी जमीन आमचीच. आमचं घर पहिल्यापासून ८ एकर कसत आलं आहे. आमचा हिस्सा लागतो का?

उत्तर : लागायला हवा, पण नुसता खासरा दाखवून लागणार नाही आणि तहसिलात अर्जांमागून अर्ज करूनही लागणार नाही.

थोरल्याला सगळं आणि धाकट्यांना पोटगी, ही रीत संस्थानिकांची आणि काही वतनांची. साध्या रयतेच्या जमिनीला मिताक्षरा, म्हणजे जुना हिंदू वारसा कायदा लागू होता. पणजोबा १७ जून १९५६ च्या आधी, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा येण्यापूर्वी वारले. तेव्हा त्यांची जमीन एकत्र राहणाऱ्या तिन्ही मुलांकडे सारख्या हक्कानं गेली. जुन्या कागदात हा हिस्सा ‘५ आणे ४ पै’ असा दिसेल. पूर्ण जमीन १६ आणे, म्हणजे १९२ पै. तिचा तिसरा भाग ६४ पै.

मग नाव एकाचंच का? घरचा कर्ता म्हणून जो सारा भरी, त्याचं नाव पटवारी लिही. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी अक्षरं आहेत का, ते भिंग लावून पाहा. पुढे सातबारा संगणकावर चढवताना काही ठिकाणी ही अक्षरं गळाली आहेत. म्हणून हस्तलिखित सातबाऱ्याचीही नकल काढा.

समोरच्यांचा खरा बचाव वेगळाच असेल : ‘जमीन पणजोबांची नव्हतीच, थोरल्यानं स्वकमाईनं केली.’ कुटुंब एकत्र होतं म्हणून जमीनही एकत्रच असेल, असं कोर्ट आपोआप धरत नाही. जमीन सामाईक होती, किंवा सामाईक उत्पन्नातून घेतली, हे दावा करणाऱ्यानं दाखवायचं असतं. म्हणून तुमच्या कामाचा कागद खासऱ्याच्या आधीचा आहे : पणजोबांच्या नावची पाहणी, साऱ्याच्या पावत्या, सेतवार (मूळ मोजणीची नोंदवही). तो सापडला तर अर्धं काम झालं.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण ती मोलाची आहे. २४ एकरांतले तुम्ही नेमके ८ एकर कसता. म्हणजे तोंडी वाटणी आधीच झालेली असू शकते. त्या ८ एकरांची पीकपाहणी (गाव नमुना १२), विहिरीच्या वीजजोडणीचं बिल, सोसायटीचं पीककर्ज कोणाच्या नावावर आहे ते पाहा. सलग वर्षांचे पुरावे निघाले तर दाव्यात ‘वाटणी झालेली आहे, ती कायम करा, तसं न ठरल्यास वाटणी करून द्या’ असं पर्यायानं मांडता येतं. साक्ष देताना मात्र गडबड होते. एक भाऊ म्हणतो वाटणी झाली, दुसरा म्हणतो नाही, आणि उलटतपासणीत सगळं कोसळतं. वकिलाकडे जाण्याआधी घरात एकमत करा.

महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदार वाटप करून देतात, पण सगळे हिस्सेदार सहमत असतील तरच. हक्कच नाकारला असेल तर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा. हुकूमनामा झाल्यावर शेतजमिनीची प्रत्यक्ष फोड जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, मोजणी होऊन होते. दाव्यात तिन्ही शाखांचे सगळे वारस आणा, लेकीबाळींसह, आणि कुटुंबाच्या सगळ्या जमिनी घाला. एक आत्या राहिली किंवा एक गट सुटला, तरी तेवढ्यावरून दावा अडकतो.

मुदतीचंही बघा. सहहिस्सेदाराचा ताबा आपोआप विरोधी ताबा होत नाही. पण ‘तुमचा हक्कच नाही’ असं त्यांनी उघड सांगितल्याचं तुम्हाला कळल्यापासून वाटणीच्या दाव्याला १२ वर्षं मिळतात. तहसील, प्रांत, अपर आयुक्त अशा फेऱ्यांत ही वर्षं जातात आणि ती कोणी परत देत नाही. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतला बदल, हा हक्काचा निकाल नसतो. दावा आधी लावा.

प्रश्न : माझं लग्न १९८९ साली झालं, वडील १९९८ मध्ये गेले. दोन भावांनी १९९९ मध्ये वारस फेरफार करून स्वतःची आणि आईची नावं लावली. मी कुठेही हक्कसोड केलेली नाही. फक्त तलाठ्यानं लिहिलेल्या जबाबावर सही केल्याचं आठवतं. जमीन वडिलोपार्जित, १६ एकर. अंबाजोगाईचे एक जाणकार म्हणतात, वडील २००५ च्या आधी गेले म्हणून मला काही नाही. — एक वाचक भगिनी

उत्तर : जाणकारांची माहिती जुनी झाली. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हिस्सेदार, ठरली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना हा हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. तुमचं लग्न १९८९ चं म्हणून त्या कायद्याचा तुम्हाला उपयोग नव्हता. २००५ च्या कायद्यात लग्नाची अट नाही.

फरक किती पडतो ते पाहा. जुन्या पद्धतीनं वडील, आई आणि दोन भाऊ असे चार भाग पडत, आणि वडिलांच्या चौथ्या भागाचे पुन्हा चार होऊन तुमच्या वाट्याला सोळावा हिस्सा, म्हणजे १ एकर येई. आता वडील, आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे पाच भाग. शिवाय वडिलांच्या पाचव्या भागातला चौथा. एकूण चौथा हिस्सा, म्हणजे ४ एकर. आई हयात आहेत असं धरून हा हिशेब आहे. त्या मृत्युपत्र न करता गेल्या असतील तर त्यांचाही हिस्सा तुम्हा तिघांत सारखा वाटला जाईल.

२० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं वाटणी झाली असेल, तर ती उघडता येत नाही. तोंडी वाटणी फक्त अपवाद म्हणून, सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच मान्य होते. वारसाचा फेरफार ही वाटणी नव्हे.

त्या सहीची धास्ती घेऊ नका, पण दुर्लक्षही नको. स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. तलाठ्यापुढचा जबाब म्हणजे हक्कसोडपत्र नाही. तरी भाऊ तो कोर्टात दाखवणारच. फेरफाराची नकल मागताना सोबतचा जबाब, वारसांचं शपथपत्र आणि नोटीस बजावल्याची पोच यांच्याही नकला मागा. शपथपत्रात बहिणीचं नावच नसेल, तर तो तुमच्या बाजूचा पुरावा झाला. फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपिलाची मुदत ६० दिवसांची. आता विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागेल. वाटणीचा दावा त्यासाठी थांबवू नका.

प्रश्न : आजोबांच्या नावे मुंतखब, म्हणजे निजामकाळच्या इनामाचा दाखला, आहे. जमीन ३२ एकर, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२. वडिलांमागे आई, आम्ही दोन भाऊ आणि तीन बहिणी. वाटणी कशी करायची? — एक वाचक, कन्नड

उत्तर : आधी मुंतखबात ‘मददमाश’ लिहिलं आहे की ‘खिदमतमाश’, ते पाहा. सगळं त्यावर आहे.

मददमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेलं इनाम. खिदमतमाश हे मशीद, दर्गा किंवा मंदिराच्या सेवेच्या अटीवर दिलेलं. ती जमीन त्या संस्थेची. सेवा करणारा तिचा मालक नसतो, त्यामुळे तिच्या एकरांची वाटणी होत नाही आणि विक्रीही होत नाही. अशा जमिनीचे खरेदीखत झालेले तुकडे घेऊन अनेकजण आज पस्तावत आहेत.

मददमाश असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, वडिलांच्या नावानं अतियात कोर्टात, म्हणजे इनामांच्या कोर्टात, विरासत (वारसा) मंजूर झाली होती का. हैदराबाद अतियात चौकशी कायदा १९५२ चा, आणि या फायली जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतात. दोन, मुंतखबात मुख्य नावाखाली हिस्सेदारांची यादी आहे का. ते पान बरेचजण नकलेत घेतच नाहीत, आणि मग चुलत घराणं ते घेऊन उभं राहतं.

यादीत तुमच्याच घराचा वाटा असेल आणि कुटुंब सुन्नी मुस्लिम असेल, तर हनफी वारसा कायद्यानं हिशेब सोपा आहे. मुलं असताना विधवेला आठवा हिस्सा : ४ एकर. उरलेल्या २८ एकरांत मुलाला दोन वाटे, मुलीला एक. एकूण सात वाटे, प्रत्येकी ४ एकर. तुम्हा भावांना ८-८, बहिणींना ४-४. (वडील हयात असताना एखादा भाऊ वारला असेल, तर त्याच्या मुलांना या वाटणीत हिस्सा येत नाही. घरात त्यांना काही द्यायचं ठरलं तर ते वेगळ्या नोंदणीकृत बक्षीसपत्रानं द्या.) वर्ग-२ चा शेरा वारसनोंदीला आड येत नाही, विक्रीला येतो, त्यासाठी परवानगी आणि सरकारनं ठरवलेला नजराणा लागतो.

प्रश्न : जुने कागद मिळाले, पण तारखा, आकार (सारा) आणि सर्व्हे नंबर कशाशीच जुळत नाहीत. — वसमत

उत्तर : जुळतात. फसली, म्हणजे निजामकाळच्या महसुली सालात ५९० मिळवा, की इसवी सन निघतं. हैदराबादेतलं फसली साल आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होई. बहमननंतरच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९.

आकार हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयांत लिहिलेला असेल. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार (इंग्रजी) रुपये. जुना आकार ७ रुपये आणि नंतरचा ६ दिसला, तर जमीन घटली असं समजून भांडू नका.

सर्व्हे नंबरचे गट एकत्रीकरणात झाले. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरण योजनेचे ९(३), ९(४) चे उतारे मागा. जुना नंबर कोणत्या गटात गेला ते तिथे कळतं. क्षेत्रात दोन-चार गुंठ्यांचा फरक दिसला तर पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) धरला आहे की नाही, ते आधी पाहा. उर्दू कागदांतले आकडे पुष्कळदा रकमी वळणाचे, म्हणजे सियाक लिपीतले असतात. चांगलं उर्दू वाचणाऱ्यालाही ते येतीलच असं नाही, तेव्हा भाषांतरकाराला पैसे देण्याआधी एक ओळ वाचून घ्या.

प्रश्न : आमच्या घराण्याकडे पूर्ण गावाची जहागीर होती. गावठाणालगतच्या जमिनीवर वारस म्हणून हक्क सांगता येईल का? — परांडा

उत्तर : नाही. जहागीर म्हणजे मुख्यतः सारा गोळा करण्याचा हक्क, आणि तो १९४९ मध्ये संपला. घराण्याची खुदकास्त, म्हणजे स्वतः कसलेली शेती स्वतंत्रपणे नोंदलेली असेल, तर फक्त तेवढीच वारसांची.

प्रश्न : आजोबा औसा तालुक्यात संरक्षित कूळ होते. प्रमाणपत्र आहे, पण सातबारा अजून मूळ मालकाच्या नातवांच्या नावे. आजोबा वारले म्हणून कुळाचा हक्क संपला, असं ते म्हणतात.

उत्तर : संपला नाही. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याच्या कलम ४० प्रमाणे संरक्षित कुळाचा हक्क वारसांकडे जातो. प्रमाणपत्र कलम ३८-ई खालचं आहे का, ते पाहा. तसं असेल तर मालकीच कुळाकडे आली आहे. त्या प्रमाणपत्राची प्रमाणित नकल, आजोबांचा मृत्यू दाखला आणि वारसांचं शपथपत्र घेऊन तलाठ्याकडे दोन वेगळे अर्ज द्या : एक प्रमाणपत्राच्या अंमलाचा, दुसरा वारसनोंदीचा. एकाच अर्जात दोन्ही घातलं, तर हरकत येताच दोन्ही नोंदी विवादग्रस्त नोंदवहीत जाऊन पडतात.