थंडीत दोघांनीच इटलीला जावं का? रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस कसं बघावं?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला पंचवीस वर्षं होतात म्हणून डिसेंबर-जानेवारीत दोघंच रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिसला जायचं मनात आहे, पण घरचे म्हणतायत, "एवढ्या थंडीत कुठे, मे महिन्यात जा." माझं मत विचाराल तर थंडीतच जा. मी आणि माझा नवरा उन्हाळ्यातही तिकडे हिंडलोय आणि हिवाळ्यातही. उन्हाळ्यात रोमन फोरमच्या उघड्या दगडांवर डोकं टेकायला सावली मिळत नाही आणि सिस्टीन चॅपेलमध्ये माणसांच्या लोंढ्यातून पुढे ढकललं जात छताकडे बघावं लागतं. ही शहरं सावकाश बघायची आहेत, एकाच भिंतीसमोर अर्धा तास उभं राहून बघायची आहेत. ती उसंत हिवाळाच देतो.

थंडीचं म्हणाल तर रोममध्ये जानेवारीत दुपारी दहा-बारा अंश असतं. चांगलं जाकीट आणि मफलर असला की भागतं. व्हेनिसला जास्त गारठा, कारण हवेत ओल असते आणि रात्री पारा शून्याजवळ येतो. पण तुमचा दिवस ठरवणार आहे तो उजेड, थंडी नव्हे. डिसेंबरअखेर रोममध्ये साडेसातला उजाडतं आणि पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. कोलोसियम त्या दिवसांत साडेचारच्या सुमारास बंद होतं आणि शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी. म्हणून फोरम, कोलोसियम, पॅलाटाइन टेकडी, असं जे जे उघड्यावर आहे ते सकाळी न्याहारी झाली की लगेच उरकायचं. छोटी चर्चेस दुपारी साडेबारा ते साडेतीन-चारपर्यंत बंद असतात, तेव्हा ती वेळ जेवणाला किंवा संग्रहालयाला द्यायची. चर्चेस संध्याकाळसाठी ठेवायची. असं आखलंत तर लहान दिवसही पुरतो.

तारखांचं नीट बघा. २४ डिसेंबर ते ६ जानेवारी हा तिकडचा सणाचा काळ. रोषणाई असते, चर्चमध्ये येशूजन्माचे देखावे मांडलेले असतात (असा देखावा संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्यो गावात १२२३ साली मांडला, तिथून ही प्रथा पसरली असं मानतात), पण गर्दी आणि हॉटेलांचे दरही चढे असतात. २५ डिसेंबरला जवळजवळ सगळं बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं २५ आणि २६ डिसेंबर, १ आणि ६ जानेवारी या चारही दिवशी बंद असतात, आणि महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर एरवी रविवारीही. सुट्टीचं जमत असेल तर ७ जानेवारीला सुरुवात करा. सण संपलेला असतो, व्हेनिसचा कार्निव्हल अजून लांब असतो, आणि त्या मधल्या आठवड्यांत ही शहरं तिथल्या माणसांची होऊन जातात.

रोममध्ये पाऊस लागला तर हिरमुसू नका, तडक पँथिऑन गाठा. सुमारे १२५ साली, हेड्रियन सम्राटाच्या काळात पूर्ण झालेलं हे रोमन देऊळ. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. काँक्रीटमध्ये लोखंडाची एक सळी नाही, आणि विनासळीचा एवढा मोठा घुमट जगात आजही दुसरा नाही. माथ्यावर सुमारे नऊ मीटर रुंदीचं गोल भोक आहे, त्यावर काच नाही, काही नाही. पाऊस सरळ आत येतो. मधला भाग दोरी लावून मोकळा ठेवतात आणि सगळे कडेनं उभे राहतात. वरून सुटलेलं पाणी खाली पोचेपर्यंत बारीक भुरभुर होतं, आणि राखाडी उजेडात त्या थेंबांचा एक गोल खांब उभा राहिलेला दिसतो. मग फरशीकडे बघा. ती मधोमध किंचित फुगीर आहे आणि तिला बारीक छिद्रं पाडलेली आहेत, त्यामुळे पाणी साचत नाही. पावसाचं काय करायचं याचा विचार बांधणाऱ्यांनी एकोणीसशे वर्षांपूर्वी करून ठेवलाय आणि तो अजून चालतोय. कडेला चित्रकार राफाएलची कबर आहे. हे सगळं कोरड्या दिवशीही सुंदरच, पण पावसात ती इमारत कळते.

तिथून चार-पाच मिनिटांवर सान लुइजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे, प्रवेश फुकट. आत डाव्या हाताच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. कोनाडा अंधारा असतो. शेजारच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळानं आपोआप विझतो, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. डावीकडच्या चित्रात जकात गोळा करणारा मॅथ्यू साथीदारांबरोबर टेबलाशी बसलाय, एक पोरगा खाली मान घालून पैसे मोजतोय, आणि उजवीकडून आलेला येशू हात पुढे करून मॅथ्यूला बोलावतोय. चित्रातला उजेड येशूच्या बाजूनं येतो. आता कोनाड्याची खरी खिडकी कुठे आहे ते बघा, मधल्या चित्राच्या वर, म्हणजे उजवीकडेच. काराव्हाज्जोनं ती जागा बघून उजेड रंगवलाय. संग्रहालयात टांगलेल्या चित्राला हे कधीच साधणार नाही. दिवा विझला तरी लगेच दुसरं नाणं टाकू नका. दोन मिनिटं अंधारात डोळे सरावू द्या, मग टाका.

रोममध्ये आणखी एक जागा चुकवू नका, ती बोर्गेझे गॅलरी. बेर्निनीचं अपोलो आणि डाफ्ने हे शिल्प तिथे आहे. ग्रीक कथेत अपोलोपासून पळता पळता झाड होणाऱ्या डाफ्नेच्या बोटांना पालवी फुटतेय, आणि संगमरवराची ती पानं इतकी पातळ आहेत की त्यांतून उजेड पाझरतो. दोन-दोन तासांच्या पाळीनं मोजकीच माणसं सोडतात आणि आधी आरक्षण केल्याशिवाय आत घेत नाहीत.

रोम ते फ्लोरेन्स वेगवान गाडीनं दीड तास. फ्लोरेन्सबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणून उफित्सी हे चित्रसंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा यांबद्दल मी लिहीत बसत नाही. दोन्ही बघाच. तिथल्या मुख्य चर्चच्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. गुडघे साथ देत असतील तर स्वच्छ हवेच्या सकाळी चढा. थंडीत लांबचे डोंगर स्पष्ट दिसतात. मला स्वतःला सर्वांत आवडतो तो सान मार्कोचा मठ. १४४०च्या सुमारास फ्रा अँजेलिकोनं साधूंच्या एकेका खोलीत एकेक भित्तिचित्र काढलं. खोली लहान, एक खिडकी, एक चित्र. ते चित्र त्या खोलीत राहणाऱ्या एका माणसासाठी होतं, त्यामुळे दोघांनीच उभं राहून बघण्यात त्याचा खरा अर्थ आहे. सकाळीच जा, दुपारी लवकर बंद होतं.

आणि एक गोष्ट मराठी माणसानं फ्लोरेन्समध्ये बघितलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० साली इंग्लंडचा दौरा करून परतीच्या वाटेवर असताना ३० नोव्हेंबरला याच शहरात वारले. वय अवघं वीस. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथे दहनाची पद्धत नव्हती, पण शहरानं परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. १८७४ साली त्या जागी छत्री उभारली. घुमटी आपल्याकडच्या धाटणीची, आणि खाली फेटा-दागिने ल्यालेला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. कास्चिने नावाच्या लांबलचक बागेच्या पार पश्चिम टोकाला ही जागा आहे. शहराकडच्या बाजूनं आत शिरलात तर तासभर तरी चालावं लागतं, पण वाट सपाट आहे आणि झाडांखालून जाते. तिथले लोक या स्मारकाला 'इंदियानो' म्हणजे 'भारतीय' म्हणून ओळखतात, आणि शेजारच्या मोठ्या पुलालाही तेच नाव दिलंय. महाराज प्रवासात रोजनिशी लिहीत असत, ती पुढे १८७२ मध्ये छापलीही गेली. घरापासून इतक्या दूर, हिवाळ्याच्या तोंडावर गेलेला आपल्याकडचा एक कोवळा राजा, आणि परक्या शहरानं दीडशे वर्षं जपलेली त्याची छत्री. मी तिथे वाकून नमस्कार केला. तुम्हीही जाऊन या.

फ्लोरेन्सहून व्हेनिसला जायला दोन तासांच्या थोडं वर लागतं. वाटेत पादोव्हाला उतरा. तिथल्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये १३०५च्या सुमारास जॉत्तोनं रंगवलेल्या भिंती आहेत, वर निळंशार छत. आतली हवा सांभाळण्यासाठी फार तर पंचवीस माणसांना एका वेळी सोडतात. आधी पंधरा मिनिटं एका बंद खोलीत बसवतात, मग आत साधारण पंधरा मिनिटं मिळतात. वेळ कमी आहे, म्हणून घरूनच थोडं वाचून जा. हाताशी आणखी एक दिवस असेल तर बोलोन्याला मुक्काम करून रावेन्ना गाठा. गाला प्लाचिदिया या रोमन राणीच्या नावाची पाचव्या शतकातली समाधी बाहेरून विटांची साधी खोली आहे. आत खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या पारभासक दगडाच्या चकत्या बसवल्यात, आणि त्यातून येणाऱ्या मधाळ उजेडात गर्द निळ्या छतावरचे सोनेरी तारे हळूहळू उमटतात. बोलोन्यात तर पावसाची फिकीरच नको. तिथल्या कमानदार पडव्या, ज्यांना युनेस्कोनं २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, सगळ्या मिळून ६२ किलोमीटर भरतात.

व्हेनिसमध्ये हिवाळ्यात भरतीचं पाणी चढतं, आणि लोक त्यालाच घाबरतात. १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी १८७ सेंटिमीटरवर गेलं होतं, त्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलीत. पण ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी उभे राहणारे दरवाजे वापरात आलेत, आणि भरती ११० सेंटिमीटरच्या वर जाणार असली की ते उचलतात. त्याहून कमी भरतीला सान मार्कोचा चौक अजूनही भिजतो, कारण तो भाग सर्वांत सखल आहे. मग फळ्यांच्या उंच वाटा मांडतात, दुकानात गमबूट मिळतात, आणि काही तासांत पाणी उतरतं. हॉटेलवाल्यांना उद्याच्या भरतीची वेळ विचारा, ते बरोबर सांगतात. चौकात पाणी असेल तेव्हा सान रोक्को नावाच्या जुन्या सभागृहात जा. तिन्तोरेत्तोची प्रचंड चित्रं छतावर आहेत, आणि मान दुखू नये म्हणून हातात धरायला आरसे ठेवलेत. आणि एका सकाळी, धुकं असेल तर फारच उत्तम, स्टेशनसमोरून १ नंबरची बोट पकडून पुढच्या उघड्या जागेवर बसा. ती मोठ्या कालव्यातून प्रत्येक थांबा घेत रमतगमत जाते. दोन्ही काठांवरचे वाडे धुक्यातून एकेक करून पुढे येतात. जोडीनं बघावं असं व्हेनिस मला त्या बोटीत भेटलं, गोंडोलात नाही.

कपड्यांपेक्षा बुटांवर पैसे घाला. जुन्या चर्चमध्ये बहुधा हीटर नसतो आणि दगडी फरशीचा गारठा पातळ तळव्यातून सरळ पोटरीपर्यंत चढतो. जाड तळव्याचे, पाणी न शिरणारे बूट आणि लोकरी मोजे हवेतच. भाड्याचा फ्लॅट घेणार असाल तर हीटर किती वाजेपर्यंत चालू असतो ते आधी विचारा. इटलीत हीटर कोणत्या तारखेपासून आणि दिवसाला किती तास चालवायचा हे कायद्यानं ठरलेलं आहे, आणि बऱ्याच इमारतींत तो रात्री बंद होतो.

शाकाहारी असाल तरी हाल होत नाहीत. फ्लोरेन्सला रिबोलिता मागा. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो तशी ती शिळ्या पावाची, त्यात घेवड्याचे दाणे आणि काळपट हिरवी कोबीची पानं, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. मटणाचं पाणी घातलंय का एवढं विचारून घ्या. रोमला थंडीत तळलेले आख्खे आर्टिचोक मिळतात, पानं कुरकुरीत होतात. पुंतारेल्ले नावाच्या कोवळ्या पाल्याची कोशिंबीर मात्र मासळी घालून करतात, तेव्हा जपून. कॉफी काउंटरशी उभ्यानं घेतली की स्वस्त पडते. रस्त्यावर भाजलेले चेस्टनट विकायला असतात, ते पुडीत घेऊन खात हिंडा.

विमानाचं तिकीट रोमला उतरून व्हेनिसहून परतीचं काढा, म्हणजे आलेल्या वाटेनं मागे जाण्यात दिवस जात नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. भेटीची वेळ मिळायला उशीर लागतो म्हणून दिवाळीची वाट बघू नका. तिकिटांत आधी स्क्रोवेन्यी आणि बोर्गेझे, मग व्हॅटिकन आणि फ्लोरेन्सचा घुमट, बाकीचं सावकाश. बोर्गेझे, उफित्सी आणि डेव्हिडचं संग्रहालय, तिन्ही सोमवारी बंद असतात, ते धरून दिवस लावा.