लिरॉय बरेल: विश्वविक्रमानंतरची चोवीस वर्षं

तुमचा प्रश्न असा आहे: लिरॉय बरेलने १०० मीटरचा विश्वविक्रम दोनदा केला, पण ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक एकही नाही. पुढे तो कॉलेजात प्रशिक्षक झाला. मग ही उतरती कळाच म्हणायची ना?

माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. धावण्याच्या शर्यतींवर माझं मनापासून प्रेम आहे आणि बरेलवर अन्याय होतो असं मला नेहमी वाटत आलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी धावपटू बरेल. फिलाडेल्फियाजवळच्या लॅन्सडाउनचा हा मुलगा. उजव्या डोळ्याने त्याला जवळजवळ दिसत नाही. शाळेत असताना राज्य स्पर्धेत १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि तिहेरी उडी या चारही प्रकारांत तो पहिला आला आणि एकट्याच्या गुणांवर शाळेला सांघिक विजेतेपद मिळवून दिलं. पुढे ह्यूस्टन विद्यापीठात त्याला टॉम टेलेझ हे गुरू लाभले. कार्ल ल्युइसला घडवलं ते यांनीच. लांब उडी मारताना बरेलचा गुडघा जबर दुखावला होता. त्यातून सावरून १९९० मध्ये तो एनसीएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेचा, १०० मीटरचा विजेता झाला.

जून १९९१ मध्ये न्यूयॉर्कला ९.९० सेकंदांचा विश्वविक्रम. आणि ऑगस्टमध्ये टोकियोची जागतिक स्पर्धा. त्या अंतिम फेरीत सहा जण दहा सेकंदांच्या आत आले. बरेल ९.८८ मध्ये धावला, म्हणजे स्वतःच्याच विश्वविक्रमापेक्षा वेगाने, आणि तरीही दुसरा आला, कारण ल्युइसने ९.८६ नोंदवले. आदल्या दिवशीपर्यंतचा विश्वविक्रम मोडूनही सुवर्ण हुकलं.

बार्सिलोना १९९२ बद्दल लोक ‘दबावाखाली ढेपाळला’ असं लिहितात, ते मला पटत नाही. उपांत्य फेरीत त्याने ९.९७ मध्ये, पुढे सुवर्ण जिंकलेल्या ब्रिटनच्या लिनफर्ड ख्रिस्टीला मागे टाकलं होतं. अंतिम फेरीत मात्र फॉल्स स्टार्ट, म्हणजे बंदुकीच्या आधीच सुटण्याची चूक, त्याच्या नावावर लागला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाला एक चूक माफ असे, दुसऱ्या चुकीला थेट बाद. ही तलवार डोक्यावर असताना पुन्हा ब्लॉकमध्ये बसणारा माणूस बंदुकीचा आवाज पूर्ण ऐकून मगच उठतो. बरेलही उशिरा उठला आणि १०.१० मध्ये पाचवा आला. जगातल्या सर्वोत्तम आठ जणांच्या शर्यतीत सुरुवातीला गेलेला तेवढा क्षण पुढे भरून काढता येत नाही.

त्याच स्पर्धेत ४ x १०० मीटर रिलेत अमेरिकेच्या मार्श, बरेल, मिचेल आणि ल्युइस यांनी ३७.४० सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्याची बरोबरी केली, पण २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत तो कुणालाही मोडता आला नाही. बरेल दुसऱ्या टप्प्यावर धावला, म्हणजे त्याने बॅटन घेतलाही आणि दिलाही. जुलै १९९४ मध्ये लोझानला ९.८५ चा दुसरा वैयक्तिक विश्वविक्रम झाला. तो १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या डोनोव्हन बेलीने ९.८४ करेपर्यंत टिकला.

आता मुख्य मुद्दा. १९९८ मध्ये टेलेझ निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ह्यूस्टनचा प्रमुख प्रशिक्षक म्हणून बरेल आला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. आपल्याकडे ‘कॉलेजचा कोच’ म्हटलं की शारीरिक शिक्षणाचे सर डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत ऑलिंपिकचे धावपटू मुख्यतः कॉलेजांतच तयार होतात आणि तिथलं हे पद फार जोखमीचं असतं. बरेलच्या जवळजवळ सगळ्या काळात पुरुषांच्या संपूर्ण ट्रॅक अँड फील्ड संघाला मिळून जेमतेम १२.६ शिष्यवृत्त्या देता येत. शंभर मीटरपासून दहा हजारांपर्यंत, शिवाय उड्या आणि फेकी, सगळं त्यातच बसवायचं. म्हणजे कुणाला अर्धी, कुणाला पाव शिष्यवृत्ती देऊन मुलं आणायची. अशा वेळी आपला संघ कशात बलवान करायचा हे प्रशिक्षकाला ठरवावंच लागतं. बरेलचा ह्यूस्टन ओळखला गेला तो वेगासाठी.

रिले ही प्रशिक्षकाची खरी परीक्षा, असं माझं मत आहे. एखादा जात्याच वेगवान मुलगा कुणाच्याही हाताखाली वेगवान धावेल. पण ४ x १०० मध्ये बॅटन घेणारा मागे वळून बघत नाही. मागचा धावपटू ठरलेल्या खुणेवर आला की तो सुटतो, आणि हाक आली की हात मागे करतो. खूण अर्ध्या पावलाने चुकली तरी एक तर बॅटन पोचत नाही, नाहीतर वेग मारावा लागतो. हे रोजच्या सरावानेच जमतं. बरेलच्या ह्यूस्टनने २०१७ मध्ये एनसीएएची ही रिले जिंकली आणि २०१८ मध्ये पुन्हा, तेही ३८.१७ सेकंदांच्या आंतरविद्यापीठीय विक्रमासह. त्या चौघांतला एलायजा हॉल पुढे २०२२ च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या रौप्यविजेत्या रिले संघात होता.

त्या २०१८ च्या संघात शेवटच्या टप्प्यावर होता कॅमरन बरेल, लिरॉयचा मुलगा. बापाने ९.८५ केले त्याच वर्षी जन्मलेला. त्याच स्पर्धेत त्याने १०.१३ मध्ये १०० मीटरही जिंकली. वडिलांनी हेच विजेतेपद याच विद्यापीठासाठी अठ्ठावीस वर्षांपूर्वी जिंकलं होतं. त्याची आई मिशेल फिनही बार्सिलोनाच्या सुवर्णविजेत्या महिला रिले संघातली. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅमरन गेला, अवघ्या सव्वीसाव्या वर्षी. मुलगा आणि शिष्य दोन्ही एकदम गमावलेल्या माणसाबद्दल आपण काय लिहिणार? पण त्याच्या प्रशिक्षकपदाच्या यशाबद्दल लिहिताना हे वगळणं मला योग्य वाटत नाही.

एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. ज्या ल्युइसने टोकियोत त्याला हरवलं, तोच ल्युइस नंतर काही वर्षं ह्यूस्टनला बरेलच्या हाताखाली सहायक प्रशिक्षक होता. २०२२ मध्ये बरेल ऑबर्न विद्यापीठात गेला, तेव्हा ह्यूस्टनच्या संघाची धुरा ल्युइसकडेच आली. टेलेझ, मग बरेल, मग ल्युइस: एकाच घराण्याची गादी चालावी तसं हे आहे.

सवड काढून टोकियो १९९१ ची अंतिम फेरी आणि २०१८ ची ती रिले लागोपाठ बघा. पहिलीत शेवटच्या तीस मीटरवर लक्ष ठेवा. तिथे कुणाचाच वेग वाढत नसतो, ज्याचा कमी घटतो तो पुढे निघतो, आणि ल्युइस तसाच निघतो. दुसरीत बॅटन घेणाऱ्यांची पहिली चार-पाच पावलं बघा. मग उतरती कळा की काय, ते तुम्हीच सांगा.