अर्थशास्त्र शिकून अन्नसुरक्षा आणि स्त्रियांच्या पोषणावर संशोधन करता येते का?

आपण विचारले आहे की, अर्थशास्त्रात एम.ए. करत असताना अन्नसुरक्षा आणि स्त्रियांचे पोषण या विषयाकडे वळावेसे वाटते, पण हे क्षेत्र डॉक्टरांचे आणि आहारतज्ज्ञांचे आहे असे आपल्याला सांगितले जाते. तेथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नेमके काय करायचे? मी गेली वीस वर्षे याच विषयावर संशोधन आणि अध्यापन करत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

हा विषय आपल्याकडे घडवण्यात अर्थतज्ज्ञांचा आणि संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्य मोजले, तेव्हा माणशी रोज २२५० उष्मांक हा आधार धरला होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी अशा मोजणीवर आक्षेप घेतला. प्रत्येकाची गरज निराळी असते, एकाच व्यक्तीची गरजही दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येकाला कुपोषित म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची चिकित्सा करताना दाखवून दिले की, देशात धान्य असूनही ते मिळवण्याची ऐपत ज्यांच्या हातून निसटते ती माणसे उपाशी मरतात. हे वाद मी विद्यार्थिदशेत झपाटल्यासारखे वाचले. मात्र मोजणी करायला बसले की बहुतेक वेळा हाती येत असे ते ‘कुटुंब’. त्या कुटुंबातली बाई किती जेवते, हे समजायला मार्गच नव्हता.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चाच्या आकडेवारीवर मी पीएच.डी. केली. त्या नोंदीत घरात महिन्याला किती ज्वारी, किती डाळ, किती तेल लागले ते कळते, पण कोणाच्या वाट्याला किती गेले ते कळत नाही. मग संशोधक उपभोग-एककांचा, म्हणजे एका पुरुषाची उष्मांकांची गरज १ धरून इतरांची गरज त्या प्रमाणात मांडण्याचा, आधार घेतात : बैठे काम करणारा पुरुष म्हणजे १ एकक आणि तसेच काम करणारी स्त्री म्हणजे ०.८ एकक, अंगमेहनतीचे काम असेल तर पुरुष १.६ आणि स्त्री १.२. हे गुणांक उष्मांकांपुरते ठीक आहेत. परंतु लोहाच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर स्त्रीला २९. म्हणजे जिला भाकरी कमी पुरते असे आपण गृहीत धरतो, तिलाच पालेभाजी, डाळ, अंडी, मटण यांची गरज दीडपट असते, आणि ताटातून आधी संपणारे पदार्थ नेमके हेच असतात. माझ्या प्रबंधात मी संपूर्ण घराच्या धान्याला या गुणांकांनी भागले आणि ‘घरातील स्त्रियांना पुरेसा आहार मिळतो’ असे एक वाक्य लिहून टाकले. त्या वाक्याला माझ्या आकडेवारीत कोणताही आधार नव्हता, आणि ते लिहिल्याचे मला आजही वाईट वाटते.

ही चूक सोलापूर जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावात माझ्या लक्षात आली. तेथे आम्ही चोवीस तासांच्या आहाराची नोंद घेत होतो. काल सकाळपासून काय काय खाल्ले ते क्रमाने विचारायचे आणि माप कळावे म्हणून त्याच घरातली वाटी आणि पळी पुढे ठेवायची, अशी ही पद्धत आहे. खुरपणीहून नुकत्याच परतलेल्या एका बाईंना मी विचारले, “काल रात्री काय जेवण केलं?” त्यांनी सांगितले : ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, मेथीची भाजी. मी तिन्ही पदार्थ लिहून घेतले. दाराशी शेंगा फोडत बसलेल्या त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, “केलं ते सांगितलं तिनं. खाल्लं काय ते इचारा की.” मेथी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटातच संपली होती. आमटीच्या पातेल्यात थोडे पाणी घालून, तेच विसळून, त्यात चटणी कालवून या बाईंनी दीड भाकरी खाल्ली होती. मी ‘जेवण केलं’ हे जेवल्याबद्दल विचारले होते. त्यांनी ते रांधल्याबद्दल ऐकले होते. तोपर्यंत भरलेले सगळे तक्ते आम्ही बाजूला ठेवले आणि ती घरे पुन्हा पहिल्यापासून केली.

अशा नोंदींतून काय हाती लागते याचे उत्तम उदाहरण पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत केलेला गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास आहे. तेथे बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी आईच्या एकूण उष्मांकांपेक्षा पालेभाज्या, दूध आणि फळे यांचा संबंध अधिक ठळक दिसला, आणि ज्या स्त्रियांना शेतात काम करावे लागे, पाणी भरावे लागे, त्यांची बाळे लहान असल्याचेही आढळले. येथून पुढचे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत. पाणी भरण्यात किती वेळ जातो, त्या वेळची मजुरी किती, मेथीची जुडी आणि रेशनचा गहू यांच्या किमतींत किती अंतर आहे, आणि बाईच्या हातात आलेली मजुरी कोण खर्च करते, याची उत्तरे रक्ततपासणीतून मिळत नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले, ही मला मनापासून मोलाची गोष्ट वाटते. पण कायद्याने माणशी मिळणारे पाच किलो धान्य घराच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि उंबऱ्याच्या आतली वाटणी कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ५३ टक्के होते. महाराष्ट्रातही ते ४८ वरून ५४ टक्क्यांवर गेले. रेशनचा विस्तार होत असताना हे घडले, म्हणून या प्रश्नावर काम करणारी माणसे हवी आहेत.

आता आपल्या वाटेविषयी. आहारशास्त्राची वेगळी पदवी लागत नाही. एक-दोन अभ्यासक्रम आणि एखाद्या आहारतज्ज्ञाबरोबर मनापासून केलेले काम पुरते. अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचे शास्त्र, मात्र पक्की हवी. गोखले संस्था, मुंबईतील इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या ठिकाणी या विषयाला पोषक वातावरण आहे. नमुना पाहणीची मूळ आकडेवारी आता विनामूल्य मिळते, तेव्हा एम.ए.चा प्रबंध तिच्यावर करता येईल. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे जातील आणि त्यातले किमान एक वर्ष गावात काढावे, तेही वेगवेगळ्या हंगामांत, कारण दिवाळीनंतरचे ताट आणि ज्येष्ठातले ताट सारखे नसते.

प्रश्नावली इंग्रजीत लिहून तिचे भाषांतर करून घेऊ नका, ती पहिल्यापासून मराठीतच लिहा आणि त्या गावातल्या अंगणवाडी सेविकेला मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या प्रश्नावलीत ‘तुमच्या ताटात काय होतं?’ हा प्रश्नही टिकला नाही, कारण अनेक जणी ताट घेतच नाहीत, पातेल्यातच जेवतात. आता आम्ही विचारतो, ‘तुम्ही जेवायला बसलात तेव्हा कोणत्या भांड्यात काय काय उरलं होतं?’