प्रगत बिझनेस इंग्रजी शिकवायला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मॅनेजर मंडळींची प्रगत बॅच तुझ्याकडे सोपवली गेली, हे वाचून फार आनंद झाला. तू पाठवलेली विषयांची यादीही पाहिली: कृत्रिम बुद्धिमत्ता, घरून काम, शाश्वत विकास, स्टार्टअप, नेतृत्व, पुरवठा साखळी. यादीत खोट काही नाही. पण ही नुसती शीर्षकं झाली, आणि शीर्षकावर तास उभा राहत नाही. 'शाश्वत विकास' म्हटलं की सगळे माना डोलावतील, दोघं-तिघं सभ्यपणे चार गुळगुळीत वाक्यं बोलतील आणि विषय तिथेच संपेल. त्यांना आधीपासून येणारं इंग्रजीच त्यांनी तुला ऐकवलेलं असेल. तासाभराची मेहनत तुझी, आणि त्यांच्या पदरात नवीन काहीच नाही.

म्हणून विषय हाती घेतलास की आधी हे बघ: यात दोन शहाणी माणसं कशावरून भांडतील? तेच शाश्वत विकासाचं घे. एका कंपनीच्या मार्केटिंगला खोक्यावर 'पर्यावरणस्नेही' असं छापायचंय. कायदा विभाग म्हणतो, पुरावा कुठे आहे? सेल्सवाले म्हणतात, प्रतिस्पर्ध्यानं कधीच छापलंय, आपण का मागे राहायचं? खोक्यावरची एक ओळ आज संध्याकाळपर्यंत छापखान्यात जायची आहे. तिघांना तीन भूमिका दे आणि ती ओळ इंग्रजीत लिहायला लाव. आता बघ कसं बोलतात ते. विरोध करायचा पण संबंध बिघडवायचे नाहीत, आग्रह धरायचा पण अडकायचं नाही, समोरच्याचं अर्धं मान्य करून उरलेलं नाकारायचं. हे सगळं त्यांना एकाच वेळी करावं लागतं. प्रगत इंग्रजीची गरज पडते ती इथे.

या पातळीवरच्या माणसाची अडचण नीट समजून घे. युरोप परिषदेनं 2001 साली ए1 (नवशिका) ते सी2 (सर्वांत वरची पातळी) अशी भाषाक्षमतेची चौकट मांडली, ती तुला पाठच आहे. तुझी माणसं बी2च्या वरच्या टोकाला आहेत, सी1च्या उंबऱ्यावर. ती कुठेच अडत नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे. आहे तेवढ्या इंग्रजीत त्यांचं काम भागतं, मीटिंग पार पडते, ईमेल जातात. त्यामुळे शिकायची निकड संपलेली असते. त्यांना नवे शब्द कमी पडत नाहीत, शब्दांचं वजन कमी-जास्त करणं जमत नाही. किती खात्रीनं बोलायचं, किती बांधून घ्यायचं, किती मोकळं ठेवायचं, याच्या पायऱ्या त्यांच्याकडे दोनच असतात: ठाम होकार किंवा गोलमाल. व्यवहारातलं बहुतेक बोलणं या दोन पायऱ्यांच्या मधलं असतं. माझं सगळं सांगणं याच एका मुद्द्याभोवती आहे, तेव्हा पुढचं वाचताना तो धरून ठेव.

पुरवठा साखळीचा तास मी कसा घेते ते जरा सविस्तर सांगते. 23 मार्च 2021 रोजी एव्हर गिव्हन हे सुमारे 400 मीटर लांबीचं कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि 29 मार्चला मोकळं झालं. जगाच्या व्यापारातला सुमारे 12 टक्के माल या कालव्यातून जातो. गोष्ट सगळ्यांना आठवते, म्हणून प्रस्तावनेत वेळ घालवायचा नाही. मी वर्गाला तिसऱ्या दिवशी नेऊन थांबवते. जहाज अडकलेलं आहे, ते कधी निघेल हे कोणालाच माहीत नाही, आणि तुमचा माल त्यावर आहे. ग्राहकाचा ईमेल आलाय: माल कधी मिळेल? उत्तर लिहा, जास्तीत जास्त चार वाक्यांत.

एक गट हमखास लिहितो, 'वी विल डिलिव्हर बाय द टेन्थ.' दुसरा लिहितो, 'वी आर ट्रायिंग अवर बेस्ट.' ही दोन्ही उत्तरं मी फळ्यावर लिहिते आणि ग्राहकाची भूमिका करणाऱ्यांना विचारते: हे वाचून तुम्ही आता काय कराल? पहिलं वाचून ग्राहक निर्धास्त होतो, पुढचं उत्पादन त्या तारखेवर बेततो, आणि दहा तारखेला माल आला नाही तर तोच ईमेल पुढ्यात ठेवतो. दुसरं वाचून तो दुसरा सप्लायर शोधायला लागतो. मग मधल्या पायऱ्या त्यांच्याकडूनच काढून घ्यायच्या. 'वी एक्स्पेक्ट टु डिलिव्हर बाय द टेन्थ.' 'वी आर एमिंग फॉर द टेन्थ.' 'द टेन्थ शुड बी पॉसिबल, प्रोव्हायडेड द शिप इज फ्रीड धिस वीक.' प्रत्येक वाक्यासमोर लिहायचं: तारीख चुकली तर कोणाच्या अंगावर येईल? हा प्रश्न मॅनेजरला लगेच भिडतो, कारण त्याचं रोजचं जगणंच ते आहे. व्याकरणाच्या पुस्तकात 'शुड', 'कुड' अशा मोडल क्रियापदांचं प्रकरण त्यानं कित्येकदा वाचलेलं असतं. ते कशासाठी असतं हे त्याला इथे कळतं.

या घटनेचा दुसरा अंक तर शिक्षकासाठी घबाडच आहे. जहाज निघालं तरी कालवा प्राधिकरणानं ते भरपाईसाठी अडवून ठेवलं. आधी 91.6 कोटी डॉलर मागितले, मग मागणी 55 कोटींवर आणली, आणि समझोता होऊन जहाज सुटलं ते जुलैमध्ये. म्हणजे वाटाघाटींचा तास आयता तयार. एका बाजूला प्राधिकरण, दुसऱ्या बाजूला जहाजमालक आणि विमा कंपनी. आकडे खरे, दोन्ही बाजूंना मुद्दे, आणि समझोत्याची रक्कम जाहीर झालेली नाही, त्यामुळे 'बरोबर उत्तर' कोणाच्याच खिशात नाही. 'इफ यू वेअर टु रिलीज द शिप, वी कुड कन्सिडर...' अशी वाक्यं आपोआप लागतात. 'हॅड वी हेल्ड मोअर स्टॉक...' हे तर तू शिकवायच्या आधीच कोणीतरी मोडक्यातोडक्या रूपात बोलून जाईल. ते पकड आणि तिथल्या तिथे नीट करून दे.

याच कारणासाठी फोटोची फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीसारखी झिजलेली उदाहरणं टाळ, असं मी आग्रहानं सांगेन. डिजिटल कॅमेरा 1975 साली त्यांच्याच इंजिनिअरनं बनवला आणि 2012 साली कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, ही कथा उत्तम आहे. पण शेवट सगळ्यांना माहीत असला की वर्ग निवाडा देतो, वाद घालत नाही. ज्याचा निकाल अजून लागायचाय असा विषय घे. कर्मचाऱ्यांना ऑफिसात किती दिवस बोलवायचं, ग्राहकांचा डेटा कितपत वापरायचा, कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेल्या चुकीला जबाबदार कोणाला धरायचं, यावर त्यांच्या स्वतःच्या कंपनीत या आठवड्यात मतभेद चालू असतील.

साहित्यासाठी पाठ्यपुस्तकाच्या बाहेर पड. मोठ्या नोंदणीकृत कंपन्या तिमाही निकालांनंतर विश्लेषकांशी बोलतात, त्या अर्निंग्ज कॉलचं ध्वनिमुद्रण किंवा लिखित प्रत बऱ्याचदा कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. सुरुवातीचं वाचून दाखवलेलं निवेदन सोडून दे, सरळ प्रश्नोत्तरांवर जा. एक प्रश्न आणि त्याचं उत्तर, एवढंच ऐकव. मग 'हेडविंड्स (धंद्यातल्या अडचणी) म्हणजे काय' असलं काही विचारू नकोस. विचार: त्यानं उत्तर दिलं का? दिलं असेल तर कितपत? कोणत्या शब्दानं त्यानं स्वतःला सोडवून घेतलं? वर्ग तीच दोन मिनिटं पुन्हा पुन्हा ऐकतो, आणि ऐकायला सांगावं लागत नाही. अशा कॉलच्या सुरुवातीला भविष्याबद्दलच्या विधानांचा एक लांबलचक इशारा असतो, तो का, हेही सांग. अमेरिकेत 1995 साली झालेल्या कायद्यानुसार भविष्याबद्दलचं विधान योग्य सावधगिरीच्या सूचनेसह केलं असेल, तर खटल्यापासून कंपनीला काही प्रमाणात संरक्षण मिळतं. एखादा 'एक्स्पेक्ट' किंवा 'बिलीव्ह' तिथे का आला, हे त्यातून चटकन लक्षात येतं.

धंद्याबद्दल त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं, याचं दडपण घेऊ नकोस. ते तुझं भांडवल आहे. मार्जिन कसं काढतात, करारातलं कलम कसं वाचतात, हे त्यांना तुला समजावून सांगू दे. तुला खरंच माहीत नसतं, त्यामुळे तू विचारलेले प्रश्न खरे असतात, आणि खऱ्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस जपून, मुद्देसूद बोलतो. शिवाय तज्ज्ञाचं म्हणणं बिगरतज्ज्ञापर्यंत पोचवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. युरोपीय चौकटीच्या 2020च्या पूरक खंडात अशा मध्यस्थीचे सविस्तर निकष दिले आहेत, ते वाचून ठेव.

त्यांचे खरे ईमेल मागून घे. नावं, रकमा, ग्राहकांचा तपशील त्यांनी आधी काढून टाकलेला असला पाहिजे. ही अट कधीही सैल करू नकोस.

प्रगत म्हणजे अवघड शब्द, हा समज काही जण घेऊनच येतील, आणि बोजड वाक्यं मागतील. त्यांना प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरेन बफेंचा दाखला दे. अमेरिकेच्या रोखे नियामकानं 1998 साली कंपन्यांसाठी सोप्या इंग्रजीची मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्या प्रस्तावनेत बफेंनी सांगितलंय की वार्षिक अहवाल लिहिताना ते आपल्या बहिणींशी बोलतोय अशी कल्पना करत: हुशार, पण हिशेबाच्या किंवा वित्तव्यवहाराच्या तज्ज्ञ नाहीत. मग वर्गातल्या मंडळींना स्वतःच्याच अहवालातला एक परिच्छेद अशा वाचकासाठी लिहायला सांग. अर्धा तास घाम गाळतील, कारण मुद्दा स्वतःला नीट कळल्याशिवाय सोपं लिहिता येत नाही.

उच्चारांबद्दल तू बरंच लिहिलं आहेस. मी त्यावर फार वेळ देणार नाही. या मंडळींचं बरंचसं बोलणं अशा लोकांशी होतं ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही. स्वीडिश-फिनिश विलीनीकरणातून तयार झालेल्या कंपन्यांचा अभ्यास करून 2005 साली फिनलंडच्या संशोधिकांनी हेच मांडलं: व्यापारातलं इंग्रजी ही कोणा एकाच्या मालकीची नव्हे, तर कामापुरती वाटून घेतलेली भाषा आहे. तेव्हा 'बॉलपार्क फिगर' शिकवण्यापेक्षा 'रफ एस्टिमेट' पक्कं करून घे, आणि आकडे, तारखा, नावं स्पष्ट उच्चारायची सवय लाव. तेवढं पुरतं.

चुका सुधारण्याचं मात्र तंत्र हवं. चर्चा रंगात आली की मधे तोंड घालायचं नाही. कागदाचे दोन रकाने कर. डावीकडे व्याकरण: 'डिस्कस अबाउट', 'रिव्हर्ट बॅक' वगैरे. उजवीकडे वजन चुकलेली वाक्यं: 'यू डिडंट अंडरस्टँड', 'धिस इज नॉट पॉसिबल', 'यू मस्ट सेंड इट टुडे'. डावा रकाना शेवटच्या पाच मिनिटांत उरकून टाक. उजव्यावर थांब. 'यू डिडंट अंडरस्टँड' हे व्याकरणात निर्दोष आहे, म्हणूनच आजवर कोणी त्याला हटकलेलं नसतं, आणि समोरचा ग्राहक मात्र दुखावला गेलेला असतो. त्या जागी 'लेट मी पुट दॅट अनदर वे' हे त्यांच्या तोंडून येईपर्यंत सोडू नकोस. मग, आणि हे बहुतेक शिक्षक करत नाहीत, तीच चर्चा जोड्या बदलून पुन्हा घडव. वेळ कमी दे. चार मिनिटं, मग तीन, मग दोन, हा जुना सराव इथे फार कामाला येतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत वाक्यं आवळत जातात, अडखळणं कमी होतं, आणि ते त्यांचं त्यांनाच ऐकू येतं.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हापासून 'आता ईमेल लिहायला कशाला शिकायचं' हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. तुझ्याही येईल. साधनावर बंदी घालू नकोस. एकाच नाजूक प्रसंगाचे, समज किंमत वाढवल्याचं ग्राहकाला कळवायचं आहे, असे तीन मसुदे त्या साधनाकडून करून घे आणि वर्गासमोर ठेव. यातल्या कशाखाली तुम्ही स्वतःचं नाव लिहाल? का? कोणतं वाक्य काढाल? दोन मसुदे भाषेत सुरेख असतात आणि तरी सही करायला हात धजत नाही, कारण एकात नसती हमी दिलेली असते आणि दुसऱ्यात नको इतकी माफी मागितलेली असते. हे ओळखता येणं हेच त्यांना शिकायचं आहे, आणि चालू मीटिंगमध्ये तर ते तोंडी, तत्काळ करावं लागतं. गोपनीय मजकूर तिथे चिकटवायचा नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी बजाव.

कंपनीला प्रमाणपत्र हवं असेल तर केंब्रिजची सी1 पातळीची बिझनेस हायर परीक्षा आहे. तिची तयारी शेवटच्या टप्प्यात वेगळी करून घे, सगळा अभ्यासक्रम तिच्या दावणीला बांधू नकोस.

पहिल्या तासाला परिचयाच्या फेऱ्या नकोत. प्रत्येकाला कागदावर लिहायला सांग: गेल्या महिन्यात इंग्रजीत कुठे नाही म्हणायचं होतं आणि हो म्हणून आलात? किंवा कुठे जास्त कडक बोललात? ते कागद गोळा कर, त्यातले तीन निवड, आणि तुझी विषयांची यादी त्यांच्यासमोर ठेवून जुळव. पहिले तीन तास तिथेच मिळतील. कागद नावाशिवाय टाइप करून मला पाठव, म्हणजे पहिल्या तासाच्या भूमिका आपण फोनवर बसून लिहू. रविवारी सकाळी मी मोकळी आहे.

तुझी,
मॅडम