कॅनडातलं जुनं 'वॉरटाइम' घर घेऊन वाढवणं परवडतं का?

तुम्ही विचारलंय की ओंटारियोत एजंट 'वॉरटाइम होम' म्हणून जे बुटकं, उभ्या उताराच्या छपराचं घर दाखवतोय ते घ्यावं का, आणि घेतलं तर पुढे वाढवता येईल का. मी ओंटारियोतल्याच एजॅक्स गावात अशाच घरात नऊ वर्षं राहतोय. वाढवता येतं. खरं तर न वाढवलेलं घर आमच्या गल्लीत शोधूनही सापडणार नाही. पण आधीच्या मालकांनी काय काय करून ठेवलंय, ते बघितल्याशिवाय सही करू नका.

ही घरं टिकायला बांधलेलीच नव्हती. १९४१ साली इथल्या शेतजमिनीवर तोफगोळे भरायचा कारखाना उभा राहिला. कामाला देशभरातून माणसं आली, त्यात बायका खूप. त्यांच्यासाठी वॉरटाइम हाउसिंग लिमिटेड या सरकारी कंपनीने ठरावीक नकाशांची घरं भराभर उभी केली. युद्ध संपलं की मोडून न्यायची, हा बेत. म्हणून तळघर नाही, घर लाकडी खांबांवर टेकवलेलं, आत फायबरबोर्डच्या भिंती आणि उबेला एक शेगडी. पण सैनिक परत आले तेव्हा घरांची टंचाई उलट वाढली. मग मोडायची राहिली आणि विकली गेली, पुष्कळदा त्याच भाडेकरूंना. (गावाचं नावही युद्धनौकेवरून पडलंय, आणि कितीतरी रस्त्यांना तिच्यावरच्या खलाशांची नावं आहेत.)

आमचं घर मूळ २४ बाय २८ फूट. पहिल्या मालकाने घर जॅकवर उचलून खाली तळघर खोदलं. कोणीतरी मागे स्वयंपाकघर काढलं, आणखी कोणीतरी वरच्या माळ्याच्या उतारातून खिडकी बाहेर काढली. हे मला कागदपत्रांतून कळलेलं नाही. फ्रिजमागची भिंत फोडली तेव्हा आत पांढऱ्या रंगाच्या आडव्या फळ्या निघाल्या आणि एक बुजवलेली खिडकी, चौकटीसकट. म्हणजे आम्ही जिथे पोळ्या लाटत होतो तिथे पूर्वी अंगण होतं! बायको म्हणाली, खिडकी ठेवू या. ठेवली. आता तिच्यात मसाल्याचे डबे आहेत.

माझी चूक सांगतो. आल्या आल्या आम्ही स्वयंपाकघर नवं केलं. पैसे आधी छपरात आणि घराच्या पायात घालायला हवे होते. माळ्याच्या उतारत्या भिंतींत थर्माकोलसारखं, लोकरीसारखं काही नीट भरलेलं नसेल, तर घरातली ऊब छपरातून निसटते, वरचा बर्फ वितळतो, पाणी वळचणीपाशी येऊन पुन्हा गोठतं आणि त्या बांधामागे साचलेलं पाणी आत झिरपतं. दुसऱ्या हिवाळ्यात नव्याकोऱ्या ओट्यावर टपटप सुरू झाली. दुरुस्तीसाठी पोटमाळा उघडला तर अभ्रकासारखे चमकणारे खडे पसरलेले. ते व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ऊब टिकावी म्हणून भरलेलं खनिज. जुन्या मालात फुप्फुसांना घातक असं अ‍ॅस्बेस्टस असू शकतं, म्हणून त्याला हात लावायचा नाही, झाडायचं नाही, नमुना तपासून घ्यायचा. आमच्या नमुन्यात ते सापडलं. काढायला अंतराळवीरांसारखे पोशाख घातलेली माणसं आली, आणि तो खर्च आमच्या हिशेबात कुठेच नव्हता. घर घेताना तपासणी करणाऱ्याने पोटमाळ्याचं झाकण उघडलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

वायरिंगचं थोडक्यात: विजेचं मुख्य पॅनेल ६० अँपिअरचं असेल तर विमा कंपन्या कुरकुर करतात, ते बदलण्याचे पैसे धरूनच भाव करा.

तळघराची उंची कमी असते. आमच्याकडे माझा पुतण्या वाकूनच चालतो. खोल करता येतं, पण पायाखालची माती एकदम काढत नाहीत. तीन-चार फुटांचा एक तुकडा खोदायचा, तिथे काँक्रीट भरायचं, ते धरलं की दुसरा. इंजिनीअरचा नकाशा आणि नगरपालिकेची परवानगी लागतेच. 'परवानगीशिवाय करून देतो' म्हणणारा भेटेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मी पुन्हा असंच घर घेईन का? घेईन, प्लॉटसाठी. घर लहान, मागे जागा भरपूर. आमच्याकडे अळू आणि मेथी सप्टेंबरपर्यंत असते. शेजारी दोन घरं पाडून तिथे मोठे बंगले झाले, त्यांना अंगणच उरलं नाही.

बघायला जाल तेव्हा जोराच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा, टॉर्च घेऊन. आधी तळघराचे कोपरे, मग पोटमाळ्याचं झाकण. स्वयंपाकघर एजंट दाखवेलच.