सासूबाईंचा पासपोर्ट बडोद्यातच होईल, आधी पत्ता नीट करा

प्रश्न: ताई, मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. सासरे गेल्यावर सासूबाई कोल्हापूरहून कायमच्या आमच्याकडे आल्या, वय 66. नणंदेचं बाळंतपण आहे कॅनडात, त्यासाठी त्यांचा पहिल्यांदाच पासपोर्ट काढायचाय. एक एजंट म्हणतो आधार कोल्हापूरचं आहे म्हणजे तिकडेच जावं लागेल नाहीतर अहमदाबादला, सात हजारात सगळं करून देतो म्हणे. जन्मदाखलाही नाही. काय करू?

उत्तर: अगं, कुठे जाऊ नकोस आणि सात हजारही देऊ नकोस. बडोद्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, अहमदाबादचं ऑफिस वरचं आहे पण अपॉइंटमेंट इथलीच मिळते. आणि 2018 पासून देशातल्या कुठल्याही केंद्रात अर्ज करता येतो, त्यामुळे कोल्हापूरला जायचा प्रश्नच नाही.

पण पत्त्याचं मात्र मनावर घे. पोलीस व्हेरिफिकेशन फॉर्मवर लिहिलेल्या पत्त्यावर होतं, तू आधारप्रमाणे कोल्हापूर लिहिलंस तर पोलीस तिकडच्या बंद घरी जातील, शेजारी सांगतील त्या इथे राहतच नाहीत, आणि रिपोर्ट उलटा गेला की फाइल अडकलीच. म्हणून आधी आधारचा पत्ता बदल, कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून ऑनलाइन होतो, तुझ्या मिस्टरांनी संमती द्यायची, 2023 पासून ही सोय आहे.

जन्मदाखल्याची काळजी सोड. तो एकटाच चालेल हा नियम 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे. सासूबाईंचा शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, मतदान कार्ड, एलआयसीची पॉलिसी, यातलं एक चालतं. लग्नाचा दाखलाही लागत नाही. फक्त नावं जुळव! आपल्याकडे हेच होतं, आधारवर नवऱ्याचं नाव वसंत, पॅनवर वसंतराव, शाळेच्या दाखल्यावर तर माहेरचंच नाव. हे सगळं टेबलावर मांडून आज रात्रीच बघ.

फॉर्म पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन वरच भर, तसल्याच नावाच्या खोट्या साइट्स जास्त पैसे उकळतात, शेवटी गव्ह डॉट इन असलंच पाहिजे. फी 1500, साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट म्हणजे 1350, ऑनलाइनच भरायची. केंद्रात ए, बी, सी अशी तीन काउंटर होतात, फोटो, बोटांचे ठसे ए काउंटरवरच घेतात. ओरिजिनल कागद सगळे ने, झेरॉक्सवर भागत नाही.

पासपोर्ट स्पीड पोस्टने घरी येतो, तेव्हा सासूबाई घरात हव्यात. कॅनडाचा व्हिसा त्याच्यानंतर, त्याला वेळ जातो, म्हणून आधारचं काम याच आठवड्यात सुरू कर.