अण्णा गाडी घेऊन द्यायलेत, पण मला नको वाटायलीय

पत्र असं आलंय: "मावशी, मी नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहतो. गाव अहमदपूर तालुक्यात, पाच एकर शेती. अण्णांनी माझ्यासाठी सेकंडहँड स्विफ्ट बघितलीय, साडेतीन लाखाला. सोयाबीनचे पैसे आणि बाकीचं फायनान्सवर. दसऱ्याला मी यष्टीत उभं राहून गावी आलो आणि त्याच दिवशी शेजारच्यांचं पोरगं पुण्याहून गाडीत आलं, ते अण्णांना लई लागलं. मला तशी गरज नाही, पण खोटं कशाला बोलू, आतून थोडं वाटतंही. माय काहीच बोलत नाही. तिचे गुडघे गेलेत, लातूरला दाखवायला दरवेळी भाड्याची गाडी करावी लागते. नको म्हणलं तर अण्णांचं मन मोडंल. काय करू?"

बाळा, आतून वाटतंय हे तू लिहिलंस ते बरं केलंस. वीस वर्षाच्या पोराला गाडी हवीशी वाटणार नाही तर कुणाला वाटणार, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण तुझा दिवस डोळ्यासमोर आण बरं. होस्टेल, क्लास, लॅब, मेस, लायब्ररी, सगळं पायी. नांदेडात काही काम निघालं तर आठ-दहा किलोमीटर, गेटबाहेर ऑटो मिळतो. घरी जायचं तर नांदेड-लातूर रोड तुझ्या कॅम्पसवरूनच जातो, म्हणजे अहमदपूरची यष्टी तुझ्या दारातून जाते, असं भाग्य किती पोरांना असतं सांग. आणि रात्री-अपरात्री कुणाला काही झालं तर, हे आईबाप हमखास बोलतात, तर सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना विष्णुपुरीतच आहे आणि 108 ला फोन केला की अँब्युलन्स फुकट येते. अंगानं अडचण असलेलं पोरगं असेल किंवा यष्टीच नसलेल्या गावातून रोज येजा करणारं असेल तर मी वेगळं बोलले असते, तुझं तसं नाही.

आता पैशाचं बघू, कारण अण्णा भावनेत आहेत आणि ते तुलाच बघावं लागंल. एकरी आठ क्विंटल धरलं तर पाच एकरात चाळीस क्विंटल. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये, म्हणजे सगळी रास विकून दोन लाख तेरा हजार, आणि आडतीवर कित्येकदा तेवढाही भाव मिळत नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. त्यातून बी, खत, फवारणी, काढणी, मळणी अजून काढलीच नाही. 2025 च्या सप्टेंबरात पावसानं मराठवाड्यातल्या सोयाबीनचं काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलं, तसं एखादं वर्ष परत आलं तर हप्ता कशातून भरायचा? वर पेट्रोल शंभराच्या पुढं, घरी जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर धरले तर एका फेरीला आठ-नऊशेचं पेट्रोल, यष्टीला त्याच्या पाव पैसे लागतात. इन्शुरन्स वेगळा, नुसता थर्ड पार्टीच त्या इंजिनाला वर्षाला 3416 रुपये आहे, मग टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग.

आणि एक गोष्ट अण्णांना कुणी सांगणार नाही, ती मी सांगते. माझ्या भाच्याकडं होस्टेलवर गाडी होती. महिनाभर लिंबाच्या झाडाखाली उभी, काचेवर कावळ्यांची घाण, मागचं एक चाक बसलेलं, आणि तरीपण रोज रात्री साडेदहाला दार वाजायचं, "चावी दे ना, धाब्यावर जाऊन येतो." नाही म्हणलं की हा माजला, हो म्हणलं की रात्रभर झोप नाही. एकदा गाडी नेणाऱ्या पोराकडं लायसन्सच नव्हतं, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. आता नियम असा आहे की बिनलायसनवाल्याला गाडी दिली तर चालवणाऱ्याला पाच हजार आणि मालकालाही पाच हजार दंड, आणि ॲक्सिडेंट झाला तर भरपाईचं लचांड मालकाच्या मागं लागतं. मालक कोण, तर अण्णा. चावीपायी भाच्याचे दोन चांगले मित्र तुटले, मी त्याला तेव्हा रडताना बघितलंय, म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहायलेय.

पण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त कुठलं वाक्य लागलं माहितीय का, मायचे गुडघे. ते तू मधेच एका ओळीत लिहून पुढं गेलास. अरे गरज तिथंय! गाडीची गरज विष्णुपुरीत नाही, तुमच्या अंगणात आहे. त्यामुळं अण्णांना "नको" म्हणूच नकोस. त्यांना म्हण, अण्णा, गाडी बघू, पण माझ्यासाठी नको, घरी ठेवायला, मायला लातूरला न्यायला, आणि साडेतीन लाखाची नको, हप्ता न काढता जेवढ्यात बसंल तेवढ्यातली, यंदा नाही बसली तर पुढच्या राशीला. तोवर भाड्याची गाडी चालू दे, वर्षातून पाच-सहा वेळा भाडं दिलं तरी ते हप्त्यापेक्षा लई कमी पडतं. तू मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत चालवायला शीक. लर्निंग काढल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, ते आता या वयात होऊन जाऊ दे. जेव्हा केव्हा घ्याल तेव्हा आरसी लगेच अण्णांच्या नावावर करायला टाका, सेकंडहँडमध्ये लोक तिथंच ढिलाई करतात आणि नंतर आरटीओत खेटे घालतात.

राहिलं अण्णांचं मन. त्यांना यष्टीत उभा राहिलेला तू दिसला, बाकी तुझं काहीच त्यांनी बघितलेलं नाही. ॲडमिशनला आले असतील, ऑफिसात पैसे भरून गेटवरूनच परत गेले असतील, बहुतेक बाप तसंच करतात. त्यांना एकदा बोलव. रविवारी नको, चालू दिवशी बोलव, म्हणजे लॅब उघडी सापडंल. तुझी खोली दाखव, तू ज्या मशीनवर काम करतोस ते दाखव, सरांना भेटव, होस्टेलपासून क्लासपर्यंत त्यांच्यासोबत चालत जा, म्हणजे अंतर किती ते त्यांच्याच पायाला कळंल. मेसमध्ये पाहुण्याचं ताट मिळत असेल तर शेजारी बसून जेवू घाल. गाडीचं बोलणं जेवण झाल्यावर काढ, मायच्या गुडघ्यापासून सुरू कर. आणि संध्याकाळी अहमदपूरच्या यष्टीत त्यांना खिडकीची जागा धरून दे.